साळव्यानं बसवलेले चार पाय

साळवे कुणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी खुर्ची उलटी करतो. जयभीम-रामराम नंतर, पाणी नंतर. खुर्चीचे चारी पाय आभाळाकडे करायचे, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि डॉक्टर पोराची जीभ बघतो तसं तिचं बूड बघायचं. एखाद्या पायाचं रबर झिजलेलं दिसलं की त्याच्या तोंडावर समाधान पसरतं. मग उजवा हात पँटीच्या खिशात जातो. त्या खिशात किल्ल्या नसतात, तंबाखू नसते. इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं असतात, सायकलच्या ब्रेकचे तुकडे असतात आणि स्लिपरच्या पट्ट्याखाली असतात ना, ते गोल गट्टू असतात.

"आधी बूड बघावं," तो घरच्या माणसाला सांगतो. "तोंड काय, समदेच धुत्यात."

मी भिंगारच्या बाजारात टायरच्या चपला कापतो. तिसगावाकडून आलो त्याला चाळीस वर्षं झाली. शाळा तिसरीपर्यंत. पण रबर म्हणजे काय, हे मला साळव्यानं शिकवायचं कारण नाही. आणि तो नेमकं तेच शिकवतो. आमची दोस्ती ह्याच भांडणावर टिकली आहे.

भास्कर साळवे लष्कराच्या वर्कशॉपात सिव्हिलियन फिटर होता. रिटायर झाला, पण हात काही रिटायर झाले नाहीत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या दुकानामागच्या गल्लीत त्याच्या दोन खोल्या आहेत, आणि त्या दोन खोल्यांत हलणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे साळवे स्वतः. बाकी पाण्याच्या पिंपापासून आरशापर्यंत सगळ्याखाली रबर. गल्लीतल्या बायकांचा तो फार लाडका. कुणाचा मिक्सर चटणी वाटताना ओट्यावरून चालायला लागला की हाक येते, "ओ साळवेभाऊ, आमचा निघाला बघा फिरायला!" की साळवे हातातला घास टाकून जातो.

एकदा विहारात सभा होती. बाहेरगावचे पाहुणे समतेवर बोलत होते, आणि एकेका वाक्याला टेबलावर मूठ आपटत होते. टेबल तीन पायांवर उभं. पाहुण्यांनी मूठ आपटली की ते इकडं, उचलली की तिकडं. पहिल्या रांगेत बसलेल्या साळव्याला ते सोसेना. तो वाकून, रांगत स्टेजवर गेला आणि टेबलाखाली शिरला. पाहुणे थांबले. त्यांना वाटलं, ह्या म्हाताऱ्याला भोवळ आली. खालून आवाज आला, "तुमी चालू द्या साहेब. खालची समता माझ्याकडं."

दुसरी गोष्ट त्याच्या पुतण्याची. मुलगी बघायला तिसगावाला गेलो होतो, मला त्या बाजूचा म्हणून नेलेलं. पोहे आले, मुलगी आली, मुलीनं बशी ठेवली तशी टीपॉय डुगडुगली. मी साळव्याचा सदरा मागून धरला, पण उशीर झाला होता. त्यानं बश्या एकेक करून जमिनीवर उतरवल्या, मुलीच्या बापाला म्हणाला, "एक मिनिट," आणि टीपॉय उलटी केली. खाली पांढऱ्या ऑइलपेंटनं शेजाऱ्याचं नाव लिहिलेलं. ठळक, आडनावासकट. मुलीचा बाप खाली बघायला लागला. मुलगी आत पळाली. पुतण्याला घाम फुटला. साळव्यानं मात्र शांतपणे बूच बसवलं, टीपॉय सुलटी केली, हलवून बघितली आणि पुतण्याला म्हणाला, "शेजारी ह्यांना नवीकोरी टीपॉय देत्यात. मानसं चांगली हायत. हो म्हन."

लग्न झालं. सून गुणाची निघाली. साळवे सगळं श्रेय टीपॉयच्या बुडाला देतो.

असा हा माणूस दुसऱ्याच्या घरातल्या खुर्च्या नीट करत हिंडायचा, आणि स्वतःच्या एकुलत्या एका पोरीच्या घरी दोन वर्षं गेला नव्हता.

पोरगी सुजाता. हुशार, आणि बापासारखीच हट्टी. शिकली आणि नगरमध्ये सरकारी कचेरीत तिला कायम नोकरी लागली. साळव्यानं सगळ्या गल्लीला पेढे वाटले. आठ महिन्यांनी पोरीनं राजीनामा दिला आणि कॉम्प्युटरचं काम करायला पुण्याला निघाली. कंपनी खाजगी. आज आहे, उद्या नाही. साळव्यानं दारात उभं राहून सांगितलं, "पक्कं सोडून कच्च्यावर पाय ठेवतीस. जा. पर मी तुझ्या तिथल्या उंबऱ्याला पाय लावनार न्हाई."

ती गेली. सणावाराला यायची, बापाबरोबर जेवायची, भांडी घासायची, आणि निघताना दर खेपेला म्हणायची, "आप्पा, या ना एकदा." साळवे पिंपाखालचं रबर तपासायला लागायचा.

मी एकदा म्हणालो, "अरे, जाऊन ये की. लेक हाय."

"शब्द गेलाय तोंडातनं," तो म्हणाला. मी स्वतः एका शब्दापायी सख्ख्या मेव्हण्याशी अकरा वर्षं बोललो नव्हतो.

शतक संपायला वर्षभर राहिलं होतं, तेव्हा एका शुक्रवारी सुजाता आली ती कॉम्प्युटर घेऊनच. वहीसारखा मिटणारा, काळा, विटेएवढा जाड. लॅपटॉप म्हणतात त्याला. कंपनीचा होता. सोमवारी नागापूरला एका कारखान्यात तिला काहीतरी बसवून द्यायचं होतं, त्याची तयारी ती घरी करणार होती. अख्खी गल्ली बघायला आली. तिनं तो साळव्याच्या लोखंडी टेबलावर ठेवला, उघडला आणि बोटं चालवायला लागली.

टक्. टक्. टक्.

साळवे कॉटवर ताठ उठून बसला. मी शेजारीच होतो. मला त्याच्या कपाळाची शीर दिसली.

"सुजाता, त्यो हलतोय."

"हलू दे आप्पा. खालची रबरं गेलीत. दोन पडली, एक झिजलंय."

"आन इकडं."

"आप्पा, हात लावायचा नाही. कंपनीचा आहे. एक स्क्रू इकडचा तिकडं झाला तर माझी नोकरी जाईल."

हे ती सहज बोलली. पण ज्या नोकरीपायी बाप दोन वर्षं रुसला, तिचं नाव असं मध्ये आल्यावर साळव्यानं पुढं केलेला हात मागं घेतला. फक्त टक् टक् चालू. शनिवारी सकाळीही तेच. साळव्यानं चहा अर्धा सोडला. बाहेर ओट्यावर जाऊन बसला, तिथंही ऐकू येत होतं. मध्येच ती हात झटकायची, मनगटं चोळायची, की तो आतमध्ये डोकावायचा.

दुपारी सुजाता मैत्रिणीकडं नगरला गेली. पाच मिनिटांत साळवे माझ्या दुकानात हजर. हातात पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, छातीशी धरलेलं, बाळंतिणीच्या खोलीतून बाळ बाहेर आणतात तसं.

"किसन, दुकान बंद कर."

"भर बाजाराच्या टायमाला?"

"दोन तास हायत आपल्याकडं. बंद कर म्हनतो ना!"

मी फळी आडवी लावली. त्यानं टॉवेल उलगडला. मी म्हणालो, "पोरगी नको म्हनली हुती."

"स्क्रूला हात लावू नको म्हनली. रबराला कुठं स्क्रू असतो?"

कॉम्प्युटर उलटा केला. खाली चार कोपऱ्यांत चार गोल खळगे. दोन रिकामे, एकात अर्धवट झिजलेलं रबर, चौथं शाबूत. मी म्हणालो, तीन नवी घाल. साळव्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्याला एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालायला सांगितलं होतं. "चारी नवी. एका बाटलीची. एका वयाची."

मग रबर कोणतं, ह्यावर आम्ही अर्धा तास घालवला. मी म्हणालो, ट्रकच्या टायरचं. दगडावर झिजत नाही तर टेबलावर काय झिजतंय? तो म्हणाला, सलाईनच्या बाटलीचं बूच. मऊ पण कणखर. शेवटी शहाबादी फरशीचा तुकडा ओला करून दोन्ही तुकडे त्यावर ठेवले आणि फरशी एका बाजूनं उचलत गेलो. त्याचं बूच आधी घसरलं. मी मांडीवर थाप मारली. साळव्यानं फरशी माझ्या नाकासमोर धरली. माझ्या टायरनं तिच्यावर काळी रेघ ओढली होती.

"पोरीच्या टेबलाला काळं फासायचं व्हय रं?"

"बरं. रबर तुझं. पर रापी माझी."

मी माझ्या रापीनं बुचाच्या चार चकत्या काढल्या. चपला कापतोय इतकी वर्षं, पण बोट कापलं ते त्याच दिवशी. साळव्यानं खळग्यांतला जुना डिंक नखानं खरवडून काढला, वारंवार फुंकर घालत. पंक्चरचं सोल्युशन मी लावलं. दोन्हीकडं लावायचं, दहा मिनिटं वाळू द्यायचं, मग दाबायचं. लोक ओल्यातच दाबतात आणि मग पंक्चरवाल्याला शिव्या देतात. आम्ही दोघं म्हातारे त्या उलट्या कॉम्प्युटरकडं बघत दहा मिनिटं बसून राहिलो.

चकत्या बसल्या. कॉम्प्युटर सुलटा करून माझ्या ओट्यावर ठेवला, मागची बाजू गटाराकडं. पाणसळ घरी राहिली होती. लेव्हल बघायची ती काचेची नळी साळवे उशाखाली ठेवून झोपतो, आणि त्या दिवशी गडबडीत तिथंच विसरला. मग खिशातून बेअरिंगचा छर्रा काढला आणि मिटलेल्या कॉम्प्युटरच्या मधोमध ठेवला. छर्रा गटाराकडं निघाला.

साळव्यानं मला विचारलं, "किसन, तुझा ओटा लेव्हलमधी हाय ना?"

आता हे लिहायलाच हवं. पावसाचं पाणी दुकानात शिरू नये म्हणून गवंड्यानं त्या ओट्याला गटाराकडं उतार ठेवला होता. मला ठाऊक होतं. पण साळवे कित्येक वर्षं मला टोचत होता की तुझा ओटा ढळलाय, आणि मी कित्येक वर्षं त्याला उडवून लावत होतो. मी म्हणालो, "तीस वर्षं बसतोय त्याच्यावर. धान्याचा दाना गडगडला न्हाई कधी."

त्या माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या कुठल्या दिवशी ठेवला नसता. पण त्या दिवशी त्याचं सगळं ध्यान दोन तासांत होतं. "मंग पुढचे दोन पाय उंच झाले असतील," म्हणाला. मी पुढच्या दोन चकत्या तासल्या. छर्रा अजून गटाराकडं. आणखी तासल्या. चौथ्या खेपेला छर्रा मधोमध थांबला. साळव्यानं डोळे मिटून श्वास सोडला. आम्ही टॉवेल गुंडाळून कॉम्प्युटर होता तिथं नेऊन ठेवला, आणि मी आमचं काम कसं झालंय ते बघायला तिथंच बसून राहिलो.

सुजाता आली, हातपाय धुतले, टेबलाशी बसली. बोटं चालायला लागली. टक् टक् नाही. नुसती बारीक कुरकुर, उंदीर कागद खातो तशी. साळवे भिंतीकडं तोंड करून पेपर वाचत होता. पेपर उलटा नव्हता, पण पान तेच होतं.

तिनं पेन्सिल कॉम्प्युटरवर ठेवली. पेन्सिल गडगडत येऊन तिच्या मांडीत पडली. तिनं परत ठेवली. परत मांडीत.

पोरीनं कॉम्प्युटर उचलला आणि उलटा केला.

"आप्पा."

साळव्यानं पेपर खाली ठेवला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पाणसळ काढून त्यानं टेबलावर ठेवली, टेबल सरळ. कॉम्प्युटरवर ठेवली, बुडबुडा सरळ एका टोकाला. पन्नास वर्षांत त्याच्या हातून असं काम झालं नव्हतं, आणि झालं ते पोरीच्या वस्तूवर.

"किसनचा ओटा!" तो ओरडला.

"तुझं डोळं!" मी म्हणालो.

"नको म्हणाले होते ना मी?" सुजाता म्हणाली. आवाज चढला होता तिचा. "सोमवारी काम आहे माझं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला एकटीला पाठवलंय."

"आन. अर्ध्या घंट्यात सरळ करतो. आन इकडं, सुजाता." साळव्याचे दोन्ही हात पुढं झाले होते, भीक मागितल्यासारखे. मी त्याला तसं कधी बघितलं नव्हतं, बायको गेली तेव्हाचं सोडलं तर.

तिनंही ते हात बघितले. पण कॉम्प्युटर दिला नाही. परत टेबलावर ठेवला आणि दोन-चार ओळी लिहून बघितल्या. थांबली. मनगटं बघितली. आणखी लिहिलं, बराच वेळ. आम्ही दोघं चोरांसारखे उभे.

"हा पुढं उतरता झालाय," ती म्हणाली. "मनगटं टेकतात. दोन दिवस नुसती ठणकत होती."

"सरळ करतो म्हनलं ना."

"नको. असाच राहू द्या."

"वाकडा?"

"वाकडा."

साळवे माझ्याकडं वळला. "किसन, वाकडा बरा म्हनती ही."

ओट्याबद्दल मी त्या दिवशीही कबूल केलं नाही. इथं पहिल्यांदाच लिहितोय. वाचून त्यानं येऊन भांडावं.

सुजाता हसायला लागली. आधी बारीक, मग पोट धरून. साळवे हसला नाही. पाणसळ हातात घेऊन तो त्या उतरत्या कॉम्प्युटरकडं कितीतरी वेळ बघत होता. मग हळूच विचारलं, "पुन्यात कशावर ठेवतीस?"

"टेबल आहे."

"कसलं?"

"लाकडी. जुनं घेतलंय."

"मंग हलत असंल."

"येऊन बघा," ती म्हणाली. मान वर केली नाही तिनं, बोटंही थांबवली नाहीत.

साळवे पिंपाकडं गेला नाही. तिथंच उभा राहिला.

सोमवारी दुपारी सुजाता नागापूरहून परत आली. काम झालं होतं. वाकड्या कॉम्प्युटरनं कारखान्यात मान राखला होता. संध्याकाळच्या आधीची गाडी धरायची म्हणून पिशवी उचलून ती माझ्या दुकानाशी निरोपाला आली, आणि तिच्या मागून साळवे. अंगात इस्त्रीचा सदरा, काखेत पिशवी, पिशवीतून पाणसळीचं टोक बाहेर.

तो माझ्याशी बोलला. तिच्याशी नाही. "किसन, जरा टेबल बघून येतो. जुनं लाकूड हाय म्हनं. उद्या सकाळच्या गाडीनं माघारी."

मी सुजाताकडं बघितलं. ती समोरच्या भांड्यांच्या दुकानात काहीतरी फार निरखून बघत होती. तिनं हूं की चूं केलं नाही. केलं असतं तर तो तिथूनच फिरला असता, हे त्या पोरीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. दोघं पुढं-मागं चालत स्टँडकडं गेले. कोपऱ्यावर तिनं त्याच्या काखेतली पिशवी काढून घेतली.

मंगळवारी साळवे आला नाही. बुधवारी नाही. गल्लीतल्या बायका हलणारे मिक्सर घेऊन माझ्याकडं यायला लागल्या. मी टायरचे तुकडे लावून दिले. त्यांचे ओटे काळे झाले, बोलणी मी खाल्ली. तो आठ दिवस पुण्यात राहिला. नवव्या दिवशी दुपारी ओट्यावर येऊन बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बसायच्या आधी खाली बघितलं नाही.

"काय रं? टेबल लई खराब हुतं काय?"

"फस्क्लास हुतं. जुनं सागवान. हलत न्हाई."

"मंग?"

"खुर्ची बघितली. कॉट बघितली. गॅसची शेगडी बघितली. पोरीनं समदं नीट लावलंय रं. पहिल्याच दिशी दुपारपर्यंत माझं काम संपलं."

"मंग आठ दिस काय केलं?"

साळव्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"मी पिशवी भरली. ती ऑफिसातनं आली अन् म्हनली, कुठं निघालात? म्हनलं, इथं काय दुरुस्तीला न्हाई, जातो. तर तिनं माझी पिशवी घेतली अन् कपाटावर टाकली. कपाट लई उंच हाय किसन. माझा हात पुरंना."

मी हातातली चप्पल खाली ठेवली. "घरात स्टूल नव्हतं व्हय?"

साळवे रस्त्याकडं बघत होता.

"हुतं की," तो म्हणाला.